इंजिन आमचं, गाडी बाईंची

चष्मेवाल्याची बायको मोठी समजूतदार होती, पण एका गोष्टीपाशी तिची समजूत संपायची. ती गोष्ट घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये विटांवर उभी होती. लांब नाकाची, दोन दारांची, आठ सिलिंडरची जुनी गाडी. शौकीन मंडळी ज्यांना मसल कार म्हणतात, त्या जातीची. एका बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात, कमरेएवढ्या गवतात ती त्याला दिसली आणि चारचौघांत शहाणा म्हणून ओळखला जाणारा, दोन मुलांचा बाप असलेला हा माणूस जागच्या जागी खुळावला. ट्रकवर घालून त्याने ती घरी आणली, तेव्हा बायकोने दारातूनच एक नजर टाकली आणि विचारलं, "बाकीची गाडी मागून येतेय का?"

त्याला आता बरीच वर्षं लोटली होती. मुलं मोठी होऊन आपापल्या मार्गाला लागली. चष्म्यांचं दुकान बोळातून हमरस्त्यावर आलं. चष्मेवाल्याचे केस पिकले. गाडी होती तिथेच होती.

तसं म्हटलं तर अगदी तिथेच नव्हती. दर रविवारी तिच्यावर काम चालायचं, आणि तेही एकट्याने नाही. पत्रेकाका यायचे. आयुष्यभर त्यांनी अपघातातल्या गाड्यांचे पत्रे ठोकून सरळ केले होते, त्यामुळे कान जरा अधू झाले होते आणि त्याची भरपाई जिभेने केली होती. लिफ्टवाली यायची. ही तिशीतली बाई इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायची. चष्मेवाला आणि पत्रेकाकांच्या मदतीने तिने वडिलांची जुनी गाडी रस्त्यावर आणली होती आणि तेव्हापासून रविवार उजाडला की हत्यारांची पेटी घेऊन हजर. आणि फोनवर गावोगावचे शौकीन होते. कुणाकडे एखादा बोल्ट मिळायचा, कुणाकडे जुना पंप. सल्ला सगळ्यांकडेच मिळायचा.

सुरुवात त्यांनी इंजिनापासून केली होती. ते असं जाम झालं होतं, की जणू एकाच लोखंडातून ओतलंय. चष्मेवाला रोज दुकानातून आला की आठही सिलिंडरमध्ये थेंब थेंब तेल सोडायचा. "आईला औषध द्यायला कधी इतके वेळेवर आला नाहीत," बायको म्हणायची. पण तेल मुरत गेलं, आणि एका रविवारी लिफ्टवालीने लांब पान्याला लोंबकळून जोर लावला तेव्हा आतून 'कर्र' असा आवाज आला. इंजिन बोटभर फिरलं होतं. पत्रेकाकांना आवाज ऐकू आला नव्हता, पण इतर दोघांचे चेहरे बघून त्यांनीच सगळ्यात आधी टाळ्या पिटल्या.

पुढे पिस्टन बदलले, कार्बुरेटर खोलून धुतला, वायरी नव्याने ओढल्या, आणि ते इंजिन लोखंडी स्टँडवर बसवून एकदा सुरू केलं. काय तो आवाज! शेडचे पत्रे थरथरले, शेजारचे आजोबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले. बायको स्वयंपाकघरातून ओल्या हातांनी धावत आली आणि ओरडली, "बंद करा ते आधी!" पण ते बंद होईपर्यंत ती दारातून हलली नाही, हे चष्मेवाल्याने बरोबर टिपलं.

मग बॉडीची पाळी आली. पत्रेकाका गाडीखाली सरकले आणि त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने तळाला टोचून बघितलं. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. त्यांनी दुसरीकडे टोचलं, तिसरीकडे टोचलं. बिस्किटाचा चुरा पडावा तसा गंज त्यांच्या छातीवर पडत राहिला. ते बाहेर आले, कपडे झटकले, आणि स्क्रू ड्रायव्हर फडक्याने पुसत बसले.

"काका, सांगा तर," चष्मेवाला म्हणाला.

"वरचे पत्रे मी बदलले असते रे. पण ज्यावर सगळी गाडी उभी राहते, तेच खाल्लंय. यात हे इंजिन ठेवलंस ना, तर सुरू केल्यावर इंजिन पुढे जाईल आणि आपण मागे राहू."

कुणी हसलं नाही. चष्मेवाला रात्री ताटावरून तसाच उठला. बायको एवढंच म्हणाली, "दूध तरी घ्या," आणि ग्लास त्याच्या हातात देऊन दिवा मालवेपर्यंत शेजारी बसून राहिली. गाडी गेली तर जागा मोकळी होईल, कपडे वाळत घालता येतील, असं ती इतकी वर्षं म्हणत आली होती. पण त्या दिवशी तिने कपड्यांचा विषय काढला नाही.

पुढचे काही रविवार नुसतेच चहात गेले. मग एक दिवस लिफ्टवाली दुकानातच धावत आली. एक गिऱ्हाईक आरशात बघून फ्रेम ठरवत होतं, त्याला बाजूला सारून म्हणाली, "चष्मेकाका, आपली गाडी सापडली!"

"आपली गाडी घरी आहे."

"तशीच दुसरी! मी एका इमारतीत लिफ्टच्या कामाला गेले होते. तळघरात पार्किंगच्या कोपऱ्यात चादरींचं कव्हर. नाक बघूनच ओळखलं मी. चौथ्या मजल्यावरच्या बाईंची आहे. शाळेच्या हेडबाई होत्या म्हणे. बॉडी अशी आहे, अशी आहे, की पत्रेकाका रडतील."

"आणि इंजिन?"

"इंजिन नाहीच," लिफ्टवाली म्हणाली, आणि तिचे डोळे लकाकले.

त्याच संध्याकाळी तिघं तिथे पोचले. हेडबाई सत्तरीच्या, ताठ, हातात किल्ल्यांचा जुडगा. त्यांनी कव्हर काढायला लावलं, तेही घडी घालत, कोपऱ्याला कोपरा जुळवून. पत्रेकाका लगेच जमिनीवर आडवे झाले आणि गाडीखालून त्यांचा आवाज आला, "अरे, ठणठणीत आहे रे! ठणठणीत!"

"माझ्या पहिल्या काही वर्षांच्या पगारातून घेतलेली आहे," हेडबाई म्हणाल्या. "सगळे शिक्षक सायकलवर यायचे, मी हिच्यातून. माझ्या धाकट्या भावाने एकदा उकळलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं. इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेला, ते भंगारात गेलं. त्या भावाशी मी वर्षभर बोलले नाही."

"निळा रंग मात्र काय टिकलाय," चष्मेवाला हरखून म्हणाला.

"निळा कुठला? हिरवट पडलाय केव्हाच," बाई म्हणाल्या. चष्मेवाल्याला वाटलं, तळघरातल्या दिव्यांमुळे तसं दिसत असेल. तो वाद घालायच्या मनःस्थितीत नव्हता.

"तर मग," हेडबाईंनी किल्ल्या पिशवीत टाकल्या, "इंजिन कधी आणताय?"

"बाई, मी बॉडी न्यायला आलोय."

"आणि तुमच्याकडे इंजिन आहे असं या मुलीने सांगितलं, म्हणून मी तुम्हाला खाली आणलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघांनी लिफ्टवालीकडे पाहिलं. ती छताकडे बघत होती.

तिथे जे घोडं अडलं ते अडलंच. बाई गाडी द्यायला तयार नाहीत, चष्मेवाला इंजिन सोडायला तयार नाही. लिफ्टवाली निरोप घेऊन इकडून तिकडे जायची. "माझ्या लिफ्टसुद्धा एवढ्या वर-खाली होत नाहीत," ती वैतागून म्हणाली. पत्रेकाकांनी फोनवर मोठ्या आवाजात मध्यस्थी करून बघितली. बाईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, की वर्गात ओरडणाऱ्याला त्या बाकावर उभं करत असत.

असेच दिवस गेले, आणि एका सकाळी हेडबाई स्वतःच दुकानात येऊन उभ्या राहिल्या.

"चष्म्याचा नंबर बदललेला दिसतोय. बघा जरा," त्या म्हणाल्या. चष्मा हे निमित्त आहे, खरा विषय इंजिनाचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक ते गिऱ्हाईक. त्याने त्यांना आतल्या खोलीत नेलं, खुर्चीवर बसवलं, समोर अक्षरांचा तक्ता लावला.

"खालून तिसरी ओळ वाचा."

बाईंनी वाचली. पाच अक्षरांत तीन चुका.

"पुन्हा बघा."

"मी बरोबरच वाचलं. तुमची छपाई खराब आहे."

त्याने भिंग बदललं. मग आणखी एक. मग दुसरी जोडी. एरवी भिंग बदललं की माणसाचा चेहरा उजळतो; बाईंच्या कपाळावरची आठी तशीच राहिली. त्याला एकदम तो हिरवट रंग आठवला. त्याने बारीक टॉर्च घेतला आणि त्यांच्या डोळ्यात पाहिलं. बाहुलीमागे जुन्या काचेसारखा पिवळसर तपकिरी गढूळपणा होता. दोन्ही डोळ्यांत.

हे सांगितलं तर बाई काय म्हणतील, ते चष्मेवाल्याला तिथेच ऐकू येत होतं. जरा जाड भिंग देऊन, गोड बोलून वाटेला लावलं असतं तर त्या खूश होऊन गेल्या असत्या. कदाचित पाघळल्याही असत्या. त्याने टॉर्च खिशात ठेवला, स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसला.

"बाई, हा नंबरचा प्रश्न नाही. मोतीबिंदू आहे, आणि चांगलाच वाढलाय. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायला हवं. ऑपरेशन केलं की स्वच्छ दिसेल."

"आणि तोवर?"

"तोवर गाडी चालवायची नाही. कुठलीच."

बाई उठल्या. "छान जमवलंत. म्हणजे आता त्या बॉडीचं मी काय करायचं, तेही तुम्हीच सांगणार असाल."

"बाई, मी..."

"मुलांच्या थापा पकडण्यात माझं आयुष्य गेलंय, चष्मेवाले," त्या म्हणाल्या, आणि जाताना काचेच्या दारावर आपटता आपटता वाचल्या. त्याने धावत जाऊन दार धरलं. त्यांनी आभार मानले नाहीत.

घरी येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. "आता त्या डॉक्टरकडेही जाणार नाहीत. मी बोललो म्हणून मुद्दाम जाणार नाहीत."

"तुम्ही खरं तेच सांगितलंत ना? मग जेवा गुपचूप," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कुणाला न सांगता चौथ्या मजल्यावर गेली. तिथे काय झालं ते चष्मेवाल्याला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. तिने दारातच सांगून टाकलं होतं, "मी चष्मेवाल्यांची बायको. मला तुमची गाडी नको, आमची तर त्याहून नको. माझ्या आईने डोळ्यांचं असंच टाळलं, आणि शेवटी नातवंडांना हाताने चाचपून ओळखायची वेळ आली. त्यांच्यावर विश्वास नसेल तर तुम्ही म्हणाल त्या डॉक्टरकडे जाऊ. मी बरोबर येते."

बाईंनी तिला आत घेतलं. चहा दिला. चहा कपाऐवजी बशीत पडला, तेव्हा तिने किटली अलगद आपल्या हातात घेतली.

डॉक्टरांनी तेच सांगितलं. आधी एक डोळा झाला, मग काही आठवड्यांनी दुसरा. दोन्ही वेळा चष्मेवाल्याची बायको बाकावर बसून होती. डोळ्यांत थेंब घालायला ती रोज जायची. तासाभरात येते म्हणायची आणि दुपार करून यायची. "काय बोलता एवढं दोघी?" चष्मेवाल्याने एकदा विचारलं. "तुमच्याविषयी नाही," ती म्हणाली.

मग एका सकाळी दुकानात फोन वाजला.

"निळी आहे," पलीकडून हेडबाई म्हणाल्या. नमस्कार नाही, काही नाही.

"हो बाई."

"तळघरात उभी आहे मी. चांगली निळी आहे हो! इतकी वर्षं मी तिच्यावर चिडत होते, रंग सोडला म्हणून." मग त्या खाकरल्या. "तुमच्याविषयी मी वाईट बोलले. ते चूक होतं. आता इंजिन घेऊन या."

"बाई, इंजिन मी विकणार..."

"विकायचं कोण म्हणतंय? बसवायचं म्हणतेय मी. गाडी दोघांची."

तो लगेच हो म्हणाला नाही. संध्याकाळी शेडमध्ये जाऊन आपल्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. ते इंजिन गेलं की ही गाडी पुन्हा कधीच गाडी होणार नव्हती. बायको मागे येऊन उभी राहिली.

"स्टँडवर ठेवून वाजवत बसणार आहात का ते म्हातारपणी?" तिने विचारलं. मग जरा वेळाने, हळू आवाजात, "जाऊ दे ना त्याला. त्याच्या जागी बसू दे."

बाईंची गाडी ओढून शेडमध्ये आणली आणि रविवारचं मंडळ पुन्हा कामाला लागलं. चष्मेवाल्याच्या गाडीचं स्टिअरिंग, काचा, दारांच्या मुठी, बंपर असं जे जे धड होतं ते काढून घेतलं. उरलेला सांगाडा पत्रेकाकांनी कापायला घेतला, त्या दिवशी चष्मेवाला दुकानातून मुद्दाम उशिरा आला. सांगाड्याची जागा रिकामी होती. बायकोने तिथे दोरी बांधून चादरी वाळत घातल्या होत्या. त्याचा चेहरा बघून तिने चादरी काढल्या आणि अंगणात नेऊन टाकल्या.

हेडबाई रोज यायला लागल्या. धुळीसाठी मोठा काळा गॉगल, डोक्याला रुमाल. पहिल्या दिवशी त्यांनी हत्यारांना जागा नेमून दिल्या. दुसऱ्या दिवशी पत्रेकाकांना पान्याची जागा चुकवल्याबद्दल बोलणी बसली. "मला ऐकू येत नाही," काका म्हणाले. "येतं. तुम्ही नको ते ऐकत नाही, एवढंच," बाई म्हणाल्या, आणि त्या घटकेपासून दोघांचं मेतकूट जमलं. ओला सँडपेपर घेऊन बाई तासन्‌तास दारं घासायच्या. चष्मेवाल्याची बायको आधी नुसती बाईंसाठी डबा घेऊन येत होती. मग सीटचं फाटलेलं कव्हर बघून तिला राहवेना. तिने शिवणाचं मशीनच शेडमध्ये आणून ठेवलं.

इंजिन बसवायच्या दिवशी सगळे जमले. लिफ्टवालीने चेनकप्पी बांधली, इंजिन वर उचललं, हळूहळू गाडीच्या पोटात उतरवलं, आणि शेवटच्या क्षणी ते अडलं. बॉडीतली भोकं आणि इंजिनाचे आधार जुळेनात. दोन्ही गाड्या दिसायला सारख्या, पण वेगवेगळ्या सालांच्या. आधाराचे तुकडे कंपनीने मधेच बदलले होते.

"हॅलोवाल्याला लाव फोन," चष्मेवाला म्हणाला. हॅलोवाला म्हणजे दूरच्या गावातला एक शौकीन. त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं. फोनवर तो दर वाक्याआधी हॅलो म्हणायचा, म्हणून ते नाव. त्याचा आवाज इतका घनगंभीर, की पत्रेकाकांनासुद्धा सगळं ऐकू यायचं.

"हॅलो, तुकडे आहेत माझ्याकडे," तो म्हणाला. "हॅलो, पाठवत नाही. मीच येतो."

रात्रभर बसने प्रवास करून तो आला. चष्मेवाल्याच्या खांद्याएवढा, किडकिडीत, लाजरा माणूस. मांडीवर धरून आणलेल्या कापडी पिशवीत ते दोन लोखंडी तुकडे होते, मुलांच्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळलेले. त्याने सगळ्यांकडे एकदा बघितलं, "हॅलो," म्हणाला, आणि सरळ गाडीखाली गेला. दुपारपर्यंत इंजिन आपल्या जागी बसलं. त्याला परत पाठवायला कुणी तयार होईना. तो दोन दिवस राहिला आणि जाताना बाईंच्या पाया पडला.

रंग निळाच दिला, डिकीच्या झाकणाआड जो मूळचा सापडला त्याच्याशी जुळवून. छटा बाईंनी स्वतः निवडली.

रस्त्यावर काढायच्या सकाळी पुढे कोण बसणार यावर चर्चा झाली नाही. बाईंच्या हातात परवाना होता, डॉक्टरांची संमती होती, आणि किल्लीही होती. त्यांनी चष्मेवाल्याच्या बायकोला हाक मारली, "तुम्ही पुढे या. हे तिघं बसतील मागे."

अशा गाड्यांना मागची सीट नावापुरतीच असते. चष्मेवाला मधे, एका बाजूला पत्रेकाका, दुसऱ्या बाजूला लिफ्टवाली. गुडघे सगळ्यांचे हनुवटीला. बाईंनी आरसा नीट केला, किल्ली फिरवली. इंजिन एकदा खोकलं, आणि मग तो ओळखीचा गडगडाट सुरू झाला. चष्मेवाल्याला तो पाठीतून, मणक्यातून जाणवला. इतकी वर्षं त्याने हा आवाज बाहेर उभा राहून ऐकला होता. आज तो आवाजाच्या आत बसला होता.

गल्लीतून बाई सावकाश निघाल्या. हमरस्त्याला लागल्यावर त्यांनी गिअर बदलला, आणि सगळ्यांची डोकी एकदम मागे गेली. चढावर त्यांनी एक बस मागे टाकली. चष्मेवाल्याला वाटलं बायको आता ओरडणार. तिने खिडकीची कड घट्ट धरली होती, केस सुटून तोंडावर येत होते, आणि ती हसत होती. लग्न नवीन असताना हसायची तशी, तोंडावर हात न ठेवता.

पुढे चौक आला. डावीकडे वळलं की दुकान. दुकान उघडायची वेळ होत आली होती.

"बाई, डावीकडे," चष्मेवाला मागून म्हणाला.

बायकोने मान वळवून त्याच्याकडे बघितलं, मग बाईंकडे झुकून काहीतरी सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि गाडी सरळ घेतली.

"अगं, दुकान!" तो ओरडला.

"काय म्हणालात?" बायको ओरडली.

"दुकान!"

"ऐकू येत नाही!" ती म्हणाली, आणि पुन्हा समोर बघू लागली. पत्रेकाका त्याच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "मला आलं ऐकू," आणि मग चौघंही इतके हसले की बाईंना आरशात बघून विचारावं लागलं, मागे काय गोंधळ चाललाय म्हणून.